डिजिटल तंत्रज्ञान आणि धोरणनिर्मिती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शासकीय विभागांत, अभ्याससंस्थांत किंवा स्वयंसेवी संस्थांत धोरणाचे काम करणारे आणि या क्षेत्रात येऊ पाहणारे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. सगळ्या उत्तरांची लांबी सारखी नाही. ज्या ठिकाणी चुकीची किंमत माणसांना मोजावी लागली, तिथे मुद्दाम अधिक तपशिलात गेलो आहे.

डिजिटल धोरणनिर्मिती म्हणजे शासकीय सेवा ऑनलाइन देणे, असेच ना?

नाही. अर्ज कागदाऐवजी पोर्टलवर भरून घेणे हा सेवा देण्याच्या पद्धतीतला बदल झाला. धोरणनिर्मितीत बदल तेव्हा होतो, जेव्हा प्रश्न कोणता आहे हे ठरवण्यापासून पर्यायांची तुलना, मसुदा, लोकांचे म्हणणे ऐकणे, अंमलबजावणी आणि फेरविचार या प्रत्येक टप्प्यावर तंत्रज्ञानामुळे वेगळे काही करता येते किंवा करावे लागते. एस्टोनियाचे उदाहरण या दृष्टीने उपयोगी आहे. जेमतेम 13 लाख लोकसंख्येच्या त्या देशाने 2001 मध्ये ‘एक्स-रोड’ ही प्रणाली सुरू केली. तिच्यामुळे वेगवेगळ्या विभागांचे डेटाबेस आपापल्या जागी राहूनच एकमेकांना माहिती पुरवतात. त्यातून ‘नागरिकाने एकदा दिलेली माहिती शासनाने त्याच्याकडे पुन्हा मागायची नाही’ हे तत्त्व प्रत्यक्षात आणणे शक्य झाले, आणि आपली माहिती कोणत्या कार्यालयाने पाहिली हे नागरिकालाही पाहता येऊ लागले. वरवर पाहता ही तांत्रिक व्यवस्था आहे, पण मुळात हा शासन आणि नागरिक यांच्या नात्याविषयी घेतलेला धोरणात्मक निर्णय आहे.

पूर्वीच्या पद्धतीपेक्षा नेमके काय बदलले?

माझ्या मते सर्वांत मोठा बदल वेगाचा नाही. धोरण ठरवणारे आणि ते राबवणारे यांच्यातली भिंत आता टिकत नाही, हा तो बदल आहे. पूर्वी वरच्या पातळीवर मसुदा तयार व्हायचा, शासन निर्णय निघायचा आणि तो खालच्या कार्यालयांकडे जायचा. मसुद्यात एखादी गोष्ट अस्पष्ट राहिली तर टेबलावर बसलेला कर्मचारी आपल्या अनुभवाने ती सांभाळून घ्यायचा. संगणकप्रणालीला असे सांभाळून घेता येत नाही. तिला प्रत्येक अटीचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असेच लागते, आणि मसुद्यात ते नसेल तर आज्ञावली लिहिणारा अभियंता ते स्वतःच्या समजुतीने भरतो. म्हणजे धोरणाचा एक भाग प्रत्यक्षात त्या अभियंत्याने ठरवलेला असतो, आणि फाईलवर त्याची कुठेही नोंद नसते.

अमेरिकेत आरोग्यविमा कायद्यासाठीचे ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ 1 ऑक्टोबर 2013 रोजी सुरू झाले, तेव्हा पहिल्या दिवशी केवळ सहा जणांना नोंदणी पूर्ण करता आली. कायद्यावर अनेक वर्षे चर्चा झाली होती, परंतु सामान्य माणूस ज्या दारातून त्या कायद्यापर्यंत पोहोचणार होता ते दार नीट उघडते का, हे तपासण्याचे काम मात्र शेवटच्या आठवड्यांपर्यंत ढकलले गेले. पुढल्याच वर्षी तिथे केंद्रीय पातळीवर स्वतंत्र डिजिटल सेवा पथक उभारण्यात आले. ब्रिटनने हेच काम 2011 मध्ये ‘गव्हर्न्मेंट डिजिटल सर्व्हिस’ स्थापन करून आधीच सुरू केले होते.

नियम आज्ञावलीत उतरवताना घोडे पेंड कुठे खाते?

हे समजण्यासाठी ऑस्ट्रेलियातील ‘रोबोडेट’ प्रकरण बारकाईने पाहावे, असा माझा प्रत्येक नव्या धोरण-विश्लेषकाला आग्रह असतो.

तिथे बेरोजगारांना आणि अल्प उत्पन्न असलेल्यांना मिळणारे साहाय्य पंधरवड्याच्या हिशेबाने ठरते. ज्या पंधरवड्यात कमाई जास्त, त्या पंधरवड्यात साहाय्य कमी. कर विभागाकडे मात्र वार्षिक उत्पन्नाचा एकच आकडा असतो. या दोन नोंदी ताडून पाहण्यासाठी नव्या प्रणालीने वार्षिक उत्पन्नाला 26 ने भागले आणि येणारी सरासरी हीच प्रत्येक पंधरवड्याची कमाई असे गृहीत धरले.

समजा, एका व्यक्तीने वर्षातले पहिले 13 पंधरवडे काम केले आणि दर वेळी 2,000 डॉलर मिळवले. नंतर काम सुटले, म्हणून उरलेले 13 पंधरवडे तिने नियमाप्रमाणे साहाय्य घेतले. तिचे वार्षिक उत्पन्न 26,000 डॉलर झाले. प्रणाली त्याला 26 ने भागते आणि म्हणते की तुम्ही प्रत्येक पंधरवड्यात 1,000 डॉलर कमावत होता. याचा अर्थ हातात एकही पैसा येत नव्हता त्या काळातही तुम्ही कमावत होता, कमाई लपवून साहाय्य घेतले, आणि आता ते परत करा. भागाकारात चूक काहीच नाही. चूक आहे ती वर्षभर सारखे काम मिळते असे मानण्यात, आणि साहाय्य ज्यांना लागते त्यांना तर ते तसे मिळत नसते.

आधीच्या पद्धतीत अशी तफावत आढळली की कर्मचारी चौकशी करीत, गरज पडल्यास मालकाकडून पगाराचा तपशील मागवीत. नव्या पद्धतीत ही जबाबदारी त्या व्यक्तीवरच टाकण्यात आली आणि अनेक वर्षांपूर्वीच्या पगारपावत्या तिनेच हजर कराव्यात असे ठरले. चार लाखांहून अधिक लोकांवर अशी खोटी देणी लादली गेली. 2019 मध्ये न्यायालयासमोर ही पद्धत बेकायदेशीर असल्याचे मान्य करावे लागले, आणि 2023 मध्ये रॉयल कमिशनचा, म्हणजे उच्चस्तरीय चौकशी आयोगाचा, सविस्तर अहवाल आला. मला त्यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते, की कायदा न बदलता अशी सरासरी वापरता येणार नाही असा अंतर्गत कायदेशीर सल्ला योजना सुरू होण्यापूर्वीच, 2014 मध्ये, देण्यात आला होता. तो सल्ला आज्ञावलीपर्यंत पोहोचलाच नाही.

मग कायद्याचा मसुदा आणि आज्ञावली बरोबरीने लिहिता येतील का?

काही प्रमाणात येतात, आणि तसे प्रयत्न सुरू आहेत. फ्रान्समध्ये 2011 पासून ‘ओपनफिस्का’ या मुक्त प्रणालीत कर आणि सामाजिक लाभांचे नियम संगणकाला चालवता येतील अशा रूपात मांडले जात आहेत. एखादी अट बदलली तर कोणत्या कुटुंबावर काय परिणाम होईल, हे त्यातून आधीच पाहता येते. न्यूझीलंडने 2018 मध्ये मसुदाकार, धोरणकर्ते आणि अभियंते यांना एकत्र बसवून हाच प्रयोग केला.

या कामाचा खरा लाभ मला आज्ञावलीपेक्षा त्या बैठकीतच दिसतो. ‘कुटुंब म्हणजे कोण?’, ‘रहिवास कोणत्या तारखेपासून मोजायचा?’ असे प्रश्न अभियंता विचारतो तेव्हा मसुद्यातली मोघम जागा सापडते, आणि ती कायदा होण्याआधी सापडते. परंतु ‘वाजवी कारण’, ‘सद्हेतू’, ‘अपवादात्मक परिस्थिती’ असे शब्द कायद्यात मुद्दाम सैल ठेवलेले असतात. तिथे माणसाने विचार करावा अशीच अपेक्षा असते. ते शब्द आज्ञावलीत घट्ट बसवण्याचा मोह टाळावा.

डेटा आता भरपूर आहे. निर्णय आपोआप चांगले होणार नाहीत का?

आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? डेटा भरपूर असणे वेगळे, आणि तो हव्या त्या माणसांचा असणे वेगळे. बॉस्टन शहराने रस्त्यांवरचे खड्डे शोधण्यासाठी ‘स्ट्रीट बम्प’ नावाचे अ‍ॅप वापरले. गाडीत ठेवलेला फोन हादरा बसला की नोंद पाठवी. कल्पना चांगली होती, पण गाडी आणि स्मार्टफोन दोन्ही ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याच रस्त्यांवरचे खड्डे अशा पद्धतीत अधिक दिसणार, हे उघड होते. ते ओळखून शहराने नंतर उपाय केले. ‘गूगल फ्लू ट्रेंड्स’ ही 2008 मध्ये सुरू झालेली सेवा लोकांच्या शोधशब्दांवरून फ्लूच्या साथीचा अंदाज देत असे. 2012-13 च्या हंगामात तिचा अंदाज प्रत्यक्षाच्या दुपटीहून अधिक निघाला. आजारी नसलेली माणसेही बातम्या पाहून तेच शब्द शोधू लागतात, हे अशा अंदाजातले एक मोठे दुखणे आहे.

कधी कधी दोष याहून फारच साधा असतो. इंग्लंडमध्ये 2020 मध्ये कोविड चाचण्यांचे निकाल एकत्र करताना एक्सेलच्या जुन्या प्रकारची फाईल वापरली जात होती. त्या प्रकारात 65,536 पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत, आणि एका रुग्णाच्या नोंदीला अनेक ओळी लागत होत्या. मर्यादा संपल्यावर पुढच्या नोंदी निमूटपणे गळून पडल्या. 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या काळातले 15,841 बाधित अशा रीतीने दैनंदिन आकडेवारीत आलेच नाहीत. त्या रुग्णांना त्यांचा निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधण्याचे काम रखडले. डॅशबोर्डवरचा आलेख त्या आठवड्यातही नेहमीसारखाच नेटका दिसत होता. म्हणून आकडा हातात आला की ‘तो किती आहे’ याआधी ‘तो कुठून कुठे प्रवास करून आला आणि वाटेत काय गळाले असेल’ हे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

ऑनलाइन हरकती व सूचना मागवल्याने लोकसहभाग खरोखर वाढतो का?

संख्या नक्की वाढते. सहभाग वाढतो की नाही, हे मांडणीवर अवलंबून असते. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाकडे 2017 मध्ये इंटरनेट तटस्थतेच्या, म्हणजे सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांनी सर्व संकेतस्थळांना सारखीच वागणूक देण्याच्या, नियमांवर सुमारे 2.2 कोटी प्रतिक्रिया आल्या. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांच्या 2021 च्या चौकशी अहवालानुसार त्यातल्या जवळपास 1.8 कोटी बनावट होत्या, आणि एका 19 वर्षांच्या विद्यार्थ्याने एकट्याने 77 लाखांहून अधिक पाठवल्या होत्या. अशा ढिगाऱ्यात मनापासून लिहिलेले पत्र कुणाच्या नजरेस पडणार? बाजूने किती आणि विरोधात किती अशी मोजदाद करणे हा सूचना मागवण्याचा हेतूच नसतो. मसुदा करणाऱ्याला न सुचलेली अडचण समोर यावी, हा तो हेतू असतो.

तैवानमधल्या ‘व्हीतैवान’ या उपक्रमाने याला वेगळे वळण दिले. 2015 मध्ये उबरच्या नियमनाचा प्रश्न तापलेला असताना तिथे ‘पोल.इस’ (Pol.is) नावाची मते नोंदवण्याची ऑनलाइन प्रणाली वापरली गेली. तिच्यात एक छोटे विधान मांडता येते आणि इतरांच्या विधानांशी सहमत, असहमत किंवा तटस्थ एवढेच नोंदवता येते. उलट उत्तर देण्याची सोयच नाही, त्यामुळे भांडण पेटत नाही. प्रणाली मतांचे गट दाखवते आणि परस्परविरोधी गटांनाही मान्य असलेली विधाने वर आणते. चालकांचा आणि प्रवाशांचा विमा, नोंदणी, सुरक्षितता यांवर दोन्ही बाजूंचे एकमत आहे हे त्यातून दिसले, आणि पुढच्या नियमांना त्याचा आधार मिळाला.

धोरणकर्त्यांना प्रोग्रामिंग शिकावे लागेल का?

शिकले तर नुकसान नाही, पण ती पहिली गरज नव्हे. पहिली गरज आकड्यांची भाषा नीट वाचता येण्याची आहे. टक्केवारी कशाची काढली आहे, छेदात कोण आहे, सरासरीमागे किती चढउतार दडले आहेत, दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे होते का, या प्रश्नांवर अडखळणारा अधिकारी कितीही आज्ञावली शिकला तरी फसणारच. रोबोडेटमध्ये गुंतलेल्या एखाद्या वरिष्ठाने ‘ही सरासरी कुणासाठी खोटी ठरेल?’ एवढेच विचारले असते, तर पुढचे पुष्कळ टळले असते.

दुसरी गोष्ट वापरकर्त्यासोबत बसण्याची. कच्चा नमुना तयार करून तो पाच-सहा माणसांसमोर ठेवायचा, त्यांना मदत न करता ते कुठे थांबतात, कुठे मागे जातात, कोणता शब्द दोनदा वाचतात हे शांतपणे पाहायचे. हे काम कमी प्रतिष्ठेचे समजले जाते आणि कनिष्ठांवर ढकलले जाते. माझा अनुभव असा, की ज्याने मसुदा लिहिला त्यानेच ते पाहिले तर मसुदा बदलतो, आणि दुसऱ्याने अहवाल दिला तर तो फाईलला लागतो.

याखेरीज कार्यपद्धतीचा आराखडा वाचता येणे, गोपनीयता आणि माहितीच्या सुरक्षिततेचे मूलभूत नियम माहीत असणे, आणि अभियंत्याला न दबता प्रश्न विचारता येणे हेही लागतेच.

जुन्या कौशल्यांचे मग काय?

त्यांचे मोल वाढले आहे. कायद्याचे कलम अचूक वाचणे, नेमकी टिपणी लिहिणे, विरोधी हितसंबंध असलेल्यांना एका टेबलावर आणणे आणि मंत्र्यांना न आवडणारा सल्ला लेखी देणे, ही कामे कोणतीही प्रणाली करत नाही. संस्थेची स्मृती हाही असाच ठेवा आहे. ही योजना पूर्वी कोणत्या नावाने आली होती आणि का बारगळली, हे सांगणारा जुना कर्मचारी निवृत्त होण्याआधी त्याच्याशी सविस्तर बोलून ते लिहून ठेवावे.

टिपणी किंवा अहवाल लिहिण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरावी का?

कच्चा मसुदा, भाषांतर, लांबलचक दस्तऐवजाचा सारांश, हजारो सूचनांची विषयवार विभागणी यांसाठी ती वापरता येते आणि वेळही वाचतो. अडचण अशी आहे की ही साधने चुकीची गोष्टही तितक्याच सफाईदार भाषेत लिहितात. 2025 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारसाठी एका मोठ्या सल्लागार संस्थेने केलेल्या अहवालात अस्तित्वातच नसलेले संदर्भ आढळले, आणि न्यायालयाच्या निकालातले म्हणून छापलेले एक अवतरण मूळ निकालात नव्हतेच. संस्थेला शुल्काचा काही भाग परत करावा लागला. अहवालाचा विषय कल्याणकारी योजनांतली स्वयंचलित दंडव्यवस्था हा होता, ही बाब विशेष खेदाची आहे.

त्यामुळे प्रत्येक संदर्भ उघडून पाहणे, नागरिकांची वैयक्तिक माहिती बाहेरच्या साधनात न टाकणे आणि कुठे साधन वापरले हे टिपणीतच नोंदवणे, एवढे तरी बंधनकारक असावे. सूचनांचा सारांश यंत्राने केला तर त्यातल्या किमान काही मूळ सूचना माणसाने आरंभापासून अखेरपर्यंत वाचाव्यात. सारांशात बहुसंख्यांचे म्हणणे उतरते, आणि एखाद्यानेच लिहिलेली पण नेमकी हरकत गाळली जाते.

निर्णय यंत्राने दिला तर जबाबदार कोण?

ज्या प्राधिकरणाच्या नावाने निर्णय निघतो, तेच. यात संदिग्धता ठेवू नये. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन साहाय्याच्या प्रकरणी कर विभागाच्या जोखीम-निर्धारण प्रणालीत अर्जदाराचे नागरिकत्व हाही एक निकष होता. हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा खोटा ठपका आला, आणि जानेवारी 2021 मध्ये तिथल्या सरकारने राजीनामा दिला. त्याआधी फेब्रुवारी 2020 मध्ये हेगच्या न्यायालयाने ‘सिरी’ ही फसवणूक शोधण्याची प्रणाली खासगी जीवनाच्या हक्काचा भंग करते म्हणून थांबवली होती. इंग्लंडमध्ये ऑगस्ट 2020 मध्ये परीक्षा न झाल्याने गणिती सूत्राने श्रेणी दिल्या गेल्या. सुमारे 40 टक्के श्रेणी शिक्षकांच्या मूल्यमापनापेक्षा खाली आल्या, कारण विद्यार्थ्याच्या शाळेचे मागील निकाल त्याच्या माथी मारले गेले. काही दिवसांतच निर्णय फिरवावा लागला.

यातून काही व्यवस्था उभ्या राहिल्या आहेत. युरोपीय संघाच्या 2018 पासून लागू असलेल्या माहिती-संरक्षण नियमावलीतले कलम 22 केवळ स्वयंचलित प्रक्रियेने घेतलेल्या गंभीर निर्णयांवर मर्यादा घालते. कॅनडाने 2019 मध्ये केंद्रीय विभागांसाठी निर्देश काढले. त्यानुसार प्रणाली वापरण्याआधी तिच्या परिणामांचे मूल्यमापन करून तिला चारपैकी एका पातळीत बसवावे लागते, आणि वरच्या पातळ्यांवर अंतिम निर्णय माणसानेच घ्यावा लागतो. अ‍ॅमस्टरडॅम आणि हेलसिंकी या शहरांनी 2020 मध्ये आपण वापरत असलेल्या अशा प्रणालींच्या नोंदवह्या लोकांसाठी खुल्या केल्या. मात्र फाईलवर सही करायला माणूस बसवला म्हणजे झाले, असे नाही. त्याला यंत्राविरुद्ध जाण्याचा अधिकार, वेळ आणि पुरेशी माहिती नसेल, तर ती सही नावापुरतीच.

प्रणाली बाहेरच्या कंपनीकडून घेतली तर काय पाहावे?

करारनामा हाही धोरणाचाच दस्तऐवज आहे, असे समजून तो वाचावा. माहिती कुणाच्या मालकीची, करार संपल्यावर ती कोणत्या स्वरूपात परत मिळणार, निर्णयाचे सूत्र न्यायालयापुढे ठेवता येईल का, आणि नियम बदलला तर प्रणाली बदलायला किती दिवस आणि किती पैसा लागेल, हे निविदेतच लिहावे. सही झाल्यावर हे विचारणे म्हणजे वरातीमागून घोडे.

जे ऑनलाइन नाहीत त्यांचे काय?

त्यांच्यासाठी खिडकी, टेलिफोन आणि कागद चालू ठेवावेत. ही तात्पुरती तडजोड मानू नये. वृद्ध, दृष्टिहीन, कमी शिकलेले, फोन दुसऱ्याच्या हातात असलेले, अशी माणसे नेहमीच असतील, आणि शासनाची गरज त्यांनाच अधिक लागते.

छोट्या विभागाने सुरुवात कुठून करावी?

नवे पोर्टल काढण्यापासून नको. सध्या चालू असलेली एक योजना घ्यावी आणि प्रणालीने नाकारलेले दहा अर्ज काढून टेबलावर ठेवावेत. मसुदा करणारा अधिकारी, प्रणाली सांभाळणारा अभियंता आणि खिडकीवर बसणारा कर्मचारी अशा तिघांनी मिळून प्रत्येक अर्ज कोणत्या पायरीवर अडला ते पाहावे आणि ती पायरी कायद्याच्या किंवा शासन निर्णयाच्या कोणत्या कलमातून आली ते शोधावे. एखाद्या पायरीला कलम सापडले नाही, तर ती काढून टाकण्याची टिपणी त्याच दिवशी मांडावी आणि तिच्यामुळे नाकारलेले सगळे अर्ज पुन्हा उघडावेत.